मोबाइलची बॅटरी : रोजची काळजी, अडचणीतली साथ

२०१९ चा ऑगस्ट महिना सांगली-मिरजेच्या लोकांच्या मनातून जाणार नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची पातळी ४५ फूट धरली जाते. त्या महिन्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. महावितरणची उपकेंद्रं पाण्यात गेली, शॉक लागून जीव जाऊ नयेत म्हणून अनेक भागांचा वीजपुरवठा बंद ठेवावा लागला. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ इथे बोट उलटून अनेकांचा जीव गेला. माळ्यावर, गच्चीवर, शेजाऱ्याच्या दुसऱ्या मजल्यावर अडकलेल्या माणसांजवळ बाहेरच्या जगाशी बोलायचं एकच साधन उरलं होतं, ते म्हणजे हातातला मोबाइल. आणि त्याची बॅटरी तासातासाला कमी होत होती.

दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, हीच वेळ पुन्हा आली. महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या जवळपास पाऊस पडला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव या गावांवर दरडी कोसळल्या. खाली सांगलीत कृष्णेनं पुन्हा धोक्याची पातळी बरीच मागे टाकली. वर साताऱ्यात पडलेला पाऊस खाली सांगलीत पूर होऊन येतो, हे आपल्या दोन्ही जिल्ह्यांचं नातं आहे.

वाचकहो, मोबाइलची बॅटरी हा विषय तसा किरकोळ वाटतो. 'संपली तर चार्जिंगला लावू' असं आपण म्हणतो. पण लाइट नसलेल्या रात्री, एकट्या राहणाऱ्या दादीजानच्या घरी, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना ओटीपीची वाट बघणाऱ्या मुलीच्या हातात, शेवटचे पाच टक्के किती मोलाचे असतात हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळतं. आम्ही भाषेचे शिक्षक, विज्ञानाचे नाही. पण पालकसभेत अभ्यासाच्या खालोखाल तक्रार येते ती मोबाइलचीच, आणि त्यात 'बॅटरी टिकत नाही' ही ठरलेली. म्हणून विज्ञान शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना विचारून, माहिती वाचून, घरात सहज करता येईल तेवढंच इथे मांडत आहोत.

बॅटरीच्या आत काय चालतं?

आजच्या प्रत्येक स्मार्टफोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. सोनी कंपनीनं १९९१ मध्ये ती पहिल्यांदा बाजारात आणली. ती ज्यांच्या संशोधनातून उभी राहिली त्या जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे सांगली पाण्यात होती त्याच वर्षी.

ही बॅटरी कशी चालते ते आम्ही मुलांना एसटीच्या उदाहरणानं सांगतो. सांगली आणि सातारा असे दोन डेपो समजा. लिथियमचे सूक्ष्म कण म्हणजे गाड्या. चार्जिंग करताना विजेच्या जोरावर सगळ्या गाड्या चढ चढून साताऱ्याला नेऊन उभ्या करायच्या. मोबाइल वापरताना त्याच गाड्या उतारानं सांगलीला येतात आणि येताना वीज देतात. पुन्हा चार्जिंग, पुन्हा चढ.

आता यात झीज कुठे होते? पहिली, येण्याजाण्यात. प्रत्येक फेरीत थोडं काहीतरी घासतंच. दुसरी, डेपोत गाड्या ठेचून भरल्या की. बॅटरी शंभर टक्के भरून तशीच तासन्‌तास ठेवली तर आतल्या रसायनांवर ताण राहतो. साफ शून्यावर नेऊन ठेवली तरी तेच. तिसरी आणि सगळ्यात वाईट झीज उष्णतेची. उन्हात, गरम जागेत आतली नको ती रासायनिक क्रिया वेगानं होते, काही गाड्या वाटेतच कायमच्या बंद पडतात आणि पुन्हा कधी धावत नाहीत. बॅटरी 'म्हातारी झाली' असं आपण म्हणतो ते हेच.

फेरी कशी मोजतात हेही समजून घ्यावं. चार्जर लावला की एक फेरी झाली, असं नाही. एकूण शंभर टक्के वापर झाला की एक फेरी. आज पन्नास टक्के वापरली, उद्या पन्नास, तर दोन दिवसांत मिळून एक. साधारण पाचशे फेऱ्यांनंतर बॅटरीची ताकद मूळच्या ऐंशी टक्क्यांवर येते, असा बऱ्याच फोनचा हिशेब असतो. अलीकडच्या काही फोनमध्ये तो हजारापर्यंत गेला आहे. युरोपीय संघानं तर २० जून २०२५ पासून तिथे विकायला येणाऱ्या नव्या फोनची बॅटरी आठशे फेऱ्यांनंतरही ऐंशी टक्के ताकद टिकवणारी हवी, असा नियम केला आहे. म्हणजे बॅटरी टिकाऊ करता येते. उरलेलं आपल्या वापरावर आहे.

ऊन, चूल आणि उशी

आपल्या भागात बॅटरीचा पहिला शत्रू ऊन. जत, आटपाडी, माण, खटावकडे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. फोनसाठी सोयीचं तापमान साधारण ३५ अंशांपर्यंतच. मोटारसायकलच्या हँडलला फोन अडकवून नकाशा चालू ठेवून भर दुपारी जाणं, तासगावच्या बागेत फोन बांधावर उन्हात ठेवणं, ट्रॅक्टरच्या किंवा टेम्पोच्या काचेपुढे टाकणं, या सगळ्यात बॅटरी भाजून निघते. सावलीत, खिशात, पिशवीत फोन ठेवावा. तापलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नये, आधी गार होऊ द्यावा. मात्र गार करायला फ्रिजमध्ये ठेवू नये. आत दव धरतं आणि नवं दुखणं उभं राहतं.

घरात स्वयंपाकघराचा कट्टा ही चार्जिंगची आवडती जागा. भगिनींनो, गॅसच्या शेगडीपासून फोन लांब ठेवा. उष्णता आणि वाफ दोन्ही त्याला नकोत.

मुलांची सवय याहून वाईट. फोन चार्जिंगला लावून उशीखाली, गोधडीत घेऊन झोपायचं. चार्जिंग होताना फोन तापतोच आणि उशीखाली ती उष्णता बाहेर पडत नाही. बॅटरी खराब होणं वेगळं, पण इथे आगीचाही धोका आहे. फोन टेबलावर, फरशीवर, मोकळ्या हवेत चार्ज व्हावा. जाड रबरी कव्हर असेल तर चार्जिंगपुरतं काढावं. चार्जिंगला लावून व्हिडिओ गेम खेळणं म्हणजे दोन चुली एकदम पेटवणं.

वीस ते ऐंशीचा नियम

रोजच्या वापरात बॅटरी वीस टक्क्यांच्या खाली जाऊ न देणं आणि ऐंशी-पंच्याऐंशीच्या वर न नेणं, ही सवय बॅटरीचं आयुष्य वाढवते. थोडं थोडं चार्जिंग दिवसातून दोनदा केलं तरी बिघडत नाही. उलट चांगलंच. शेवटचे वीस टक्के तसेही हळू भरतात.

मग रात्रभर लावलेला चार्जर? आताचे फोन शंभर टक्क्यांवर चार्जिंग थांबवतात, त्यामुळे 'जास्त भरून फुटेल' ही भीती नको. पण रात्रभर शंभरावर राहण्यानं झीज वाढते. बहुतेक नव्या फोनच्या सेटिंग्जमध्ये बॅटरीच्या पानावर ऐंशी टक्क्यांवर थांबण्याची किंवा पहाटेपर्यंत हळू चार्ज करण्याची सोय आहे. ती एकदा चालू करून ठेवावी. रमजानमध्ये सहरीच्या गजरासाठी फोन उशाशी लागतोच. तेव्हा इफ्तारनंतर किंवा तरावीहच्या वेळी चार्ज करून, झोपताना पिन काढून ठेवली तर पहाटेपर्यंत आरामात पुरतो.

हा नियम रोजचा आहे. प्रवासाला निघताना, किंवा पावसाचा रेड अलर्ट असताना, बॅटरी बिनदिक्कत शंभर टक्के भरावी. बॅटरी माणसासाठी आहे.

चार्ज खातं कोण?

दिवसभरात सगळ्यात जास्त बॅटरी खातो तो पडदा. उजेड कमी केला, पडदा तीस सेकंदांत बंद होईल असं ठेवलं, तरी फरक दिसतो. काळ्या पार्श्वभूमीनं, म्हणजे डार्क मोडनं, बॅटरी वाचते हे खरं, पण फक्त अमोलेड पडद्यावर. साध्या एलसीडी पडद्यामागचा दिवा काळा रंग दाखवतानाही चालूच असतो.

दुसरा मोठा ग्राहक म्हणजे कमकुवत रेंज, आणि त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. कोयना खोऱ्यात, जावळीत, पाटणच्या डोंगरात गेलं की फोन खिशात असूनही बॅटरी उतरते. कारण टॉवर लांब असला की फोनला जास्त जोर लावून सिग्नल पाठवावा लागतो, रेंज गेली की तो सारखा टॉवर शोधत बसतो. अशा ठिकाणी गरज नसताना विमानाचं चिन्ह असलेला मोड चालू करावा. जिथे फाइव्ह-जी येतं-जातं, तिथे सेटिंग्जमधून फोर-जी पक्कं करावं. घरात वायफाय असेल तर मोबाइल डेटापेक्षा ते स्वस्तात पडतं.

तिसरं, लोकेशन. नकाशा, नमाजच्या वेळा सांगणारी अ‍ॅप, रिक्षा बोलावणारी अ‍ॅप, सगळ्यांनाच आपण कुठे आहोत ते हवं असतं. नमाजच्या अ‍ॅपला एकदा 'सातारा' किंवा 'मिरज' असं शहर निवडून दिलं की दिवसभर लोकेशन चालू ठेवायची गरज राहत नाही. बाकीच्यांना 'वापरताना परवानगी' एवढीच द्यावी.

चौथं, व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप. खानदानाचा ग्रुप, मोहल्ल्याचा ग्रुप, शाळेचा ग्रुप. प्रत्येक व्हिडिओ आपोआप उतरत राहिला तर डेटाही जातो, बॅटरीही. सेटिंग्जमध्ये मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद करावं.

उलट, ज्याचा फारसा उपयोग नाही असंही बरंच सांगितलं जातं. दर दहा मिनिटांनी सगळी अ‍ॅप सरकवून बंद करणाऱ्यांचा फायदा होत नाही. तीच अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून उघडायला जास्त शक्ती लागते. 'बॅटरी डॉक्टर' छाप अ‍ॅप तर स्वतःच बॅटरी खातात आणि जाहिराती दाखवतात. कोणतं अ‍ॅप खरं खादाड आहे ते फोनच्या सेटिंग्जमध्ये, बॅटरीच्या पानावर, टक्क्यांसकट दिसतं. आठवड्यातून एकदा तेवढं बघावं.

जुने समज

नवा फोन आठ तास चार्ज करूनच सुरू करावा, बॅटरी अधूनमधून पूर्ण संपवावी, हे दोन्ही सल्ले जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातले. लिथियमला ते लागू नाहीत. पूर्ण संपवणं तर तोट्याचंच.

भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात पुरणं हाही घरोघरचा उपाय. त्यानं तांदळाचे कण आणि धूळ पिनमध्ये जाऊन बसते. अ‍ॅपल कंपनीनं तर तांदूळ वापरू नका असं स्पष्ट सांगितलं आहे. फोन बंद करावा, कापडानं पुसावा, चार्जिंगची बाजू खाली करून हळू झटकावा आणि पंख्याच्या वाऱ्यात ठेवावा. हेअर ड्रायर नको, ऊन नको. ओल्या पिनमध्ये चार्जर तर अजिबात नको.

वीज स्वस्त, फोन महाग

थोडा हिशेब करू. पाच हजार एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॉट-तास वीज. चार्जरमध्ये वाया जाणारी धरून २५ समजू. एक युनिट म्हणजे हजार वॉट-तास. म्हणजे एका युनिटमध्ये फोन चाळीस वेळा पूर्ण भरतो. रोज भरला तरी वर्षाला नऊ-दहा युनिट. तेव्हा फोनचं चार्जिंग कमी करून लाइटबिल उतरणार नाही. खरी बचत आहे ती फोन दोन वर्षांऐवजी चार वर्षं चालण्यात. आपल्याकडे अब्बांचा जुना फोन मुलाकडे जातो, मुलाचा अम्मीकडे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये एका फोनवर दोन-तीन भावंडांचे वर्ग चालले, हे आम्ही शिक्षकांनी जवळून पाहिलं आहे. जुन्या फोनची बॅटरी धड असेल तर तो घरातल्या आणखी एका माणसाच्या कामी येतो.

फोन नीट चालत असेल आणि फक्त बॅटरी उतरत असेल, तर नवा फोन घेण्याआधी बॅटरी बदलण्याचा खर्च विचारावा. शक्यतो कंपनीच्या अधिकृत केंद्रात बदलावी. चार्जर आणि पॉवर बँक घेताना त्यावर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघावा. 'बीआयएस केअर' या सरकारी अ‍ॅपवर तो क्रमांक खरा की खोटा ते तपासता येतं. रस्त्यावरचा पन्नास रुपयांचा चार्जर हजारो रुपयांच्या फोनला आणि घराला परवडत नाही.

फोनचं मागचं झाकण उचललं गेलं, पडदा फुगला, तर बॅटरी सुजली आहे असं समजावं. असा फोन दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये, मुलांच्या हातात देऊ नये. बंद करून दुरुस्ती केंद्रात न्यावा. काढलेली बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा केंद्रातच ती जमा करायला सांगावं.

पावसाळ्याची तयारी

कृष्णा, कोयना, वारणेच्या काठच्या घरांनी जून महिन्यातच एवढं करून ठेवावं.

एक पॉवर बँक घरात असावी आणि महिन्यातून एकदा ती भरून घ्यावी. दहा हजार एमएएच लिहिलेली पॉवर बँक पाच हजारांचा फोन दोनदा भरत नाही, साधारण दीड वेळा भरते. मधली शक्ती रूपांतरात जाते. तेवढा हिशेब धरूनच चालावं. मोटारीत, ट्रॅक्टरवर चालणारा बारा व्होल्टचा चार्जर जवळ असू द्यावा. लॅपटॉप भरलेला असेल तर त्यावरूनही फोन चार्ज होतो. महत्त्वाचे नंबर वहीत लिहून, ती वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर ठेवावी. फोन बंद पडला तर दुसऱ्याच्या फोनवरून लावायला नंबर पाठ कुणालाच नसतात.

पाणी वाढू लागलं, लाइट गेली, की घरातले सगळे फोन एकदम वापरू नयेत. एकच फोन चालू ठेवावा, बाकीचे बंद करून राखीव ठेवावेत. चालू फोनवर बॅटरी सेव्हर लावावा, उजेड अगदी कमी करावा, डेटा बंद ठेवावा. पुराचे व्हिडिओ काढून पाठवण्यात बॅटरी घालवू नये. टॉर्चसाठी वेगळी बॅटरी किंवा मेणबत्ती असावी. आकाशवाणीच्या बातम्यांसाठी जुना सेलवरचा रेडिओ आजही उत्तम.

बाहेरगावच्या नातेवाइकांना वेळ ठरवून द्यावी. 'दर दोन तासांनी मेसेज करू, तुम्ही सारखा फोन लावू नका.' काळजीपोटी येणारे वीस फोन अडकलेल्या माणसाचीच बॅटरी संपवतात. मेसेज साधा एसएमएस असावा. कमी रेंजमध्येही तो जातो आणि बॅटरी थोडी लागते. त्यात सगळं एकदम लिहावं : कुठे आहोत, कितवा मजला, किती माणसं, कुणी आजारी किंवा लहान बाळ आहे का. मदतीसाठी ११२ हा देशभराचा क्रमांक आणि १०७७ हा जिल्हा आपत्ती कक्षाचा क्रमांक घरातल्या मुलांनाही पाठ असावा.

सरकारकडून आता मोठ्या आवाजात धोक्याचा इशारा थेट मोबाइलवर येतो. २०२३ मध्ये त्याच्या चाचण्या झाल्या तेव्हा अनेकजण दचकले होते. त्याला इंटरनेट लागत नाही, पण फोन चालू आणि रेंजमध्ये असावा लागतो. म्हणून घरातला तो एक फोन पूर्ण बंद करू नये.

घरात यातलं सगळं एकाच दिवशी होणार नाही. या आठवड्यात तीन गोष्टी करा. उशीखालचं चार्जिंग बंद, सेटिंग्जमधली ऐंशी टक्क्यांची सोय चालू, आणि गावाकडच्या बुजुर्गांच्या फोनमध्येही हेच करून द्या. ते स्वतः करणार नाहीत, सांगणारही नाहीत. आणि कृष्णा वाढू लागली की आपण सगळ्यात आधी फोन त्यांनाच लावतो.